पायातच हाय, मामंजी

सुमे, ये अशी जवळ. कागद आहे म्हणून लांब धरून वाचू नकोस, माझ्या शेजारी बसलीयेस असं समज. आणि आधी बोलणी खा. आत्याकडं यायचं, एवढा मोठा विमानाचा प्रवास, आणि पायताण कुणी आणलं? जावईबापूंनी! तू दुकानात गेलीच नाहीस. वर फोनवर हसून सांगतेस, "सँडल थोड्या घट्ट आहेत आत्या, पण दिसायला छान आहेत." ताथवड्यात तुझ्या अवतीभवती एवढी कॉलेजं, आणि तुझ्या घरात अजून काडीच चालते होय गं?

काडी कसली ते तुला माहीत नाही. ऐक.

पानशेत फुटलं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी कुरुळी सोडली. बैलगाडी दारात उभी होती, आई पदर तोंडात धरून रडत होती, आणि तुझे आजोबा खाली बसून माझ्या चपलेचा अंगठा ओढून बघत होते. त्या चपलांसाठी त्यांनी मला स्वतः चाकणच्या बाजारात नेलं होतं. कातड्यावर माझा पाय ठेवून चांभारानं भोवती कोळशानं रेघ काढली होती. माझा पाय मोठा, पसरट, ढेकळं तुडवलेला. आजोबा म्हणाले, "पोरी, चालताना पायाकडं ध्यान जाऊ नये, अशी पायात वहाण असावी." आईबापाच्या घरातलं एवढंच वाक्य मी बरोबर आणलं.

चिंचवडला सासरी उतरले. ओट्यावर मामंजी बसलेले. माझे सासरे, गावातलं मोठं प्रस्थ. त्यांची नजर पहिल्यांदा पायाकडं. "ही सून हाय का नांगऱ्या? बापयाच्या वहाणा घालून आली!" ओटाभर माणसं हसली. दुसऱ्या दिवशी माझ्या चपला गड्याच्या पायात. तो वर्षभर त्या घालून माझ्यापुढनं फिरला.

त्या घराची रीत अशी. मामंजी ओट्यावर असले की बायकांनी चपला काढायच्या, हातात घ्यायच्या, पदराखाली झाकायच्या आणि अनवाणी ओट्यापुढनं जायचं. मामंजी तर दिवसभर ओट्यावरच. मग चपला घालायच्या कुठं? वेशीबाहेर गेल्यावर. त्याही कसल्या, तर काडीच्या. आढ्यात तुरीची एक काडी खोचलेली असायची. मामंजी कांदा घेऊन चाकणला निघाले की ती काडी कमरेला लावायचे आणि तेवढ्या मापाचे जोड घरातल्या सगळ्या बायकांना आणायचे. "बाईच्या पायाला कसलं माप? घरची काडी हाय की!" ती काडी माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या पायाची, असं सगळे म्हणत. मी आत्याबाईंवर दात धरून होते. बाईला बरोबर बसतंय, दुसऱ्याची बोटं मुडपली तर तिला काय कळणार? माझ्या करंगळीचं नख पुन्हा धड आलंच नाही. आजही मोजा चढवताना ते बघते, आणि बघते ते मुद्दाम.

पुढं जमिनी कारखान्यात गेल्या, तुझे आतोबा कंपनीत लागले. सकाळी भोंगा, रात्री ओव्हरटाइम. हाताला कसब होतं, कंपनीनं जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं, तिथल्या लोकांनी ठेवून घेतलं. मग ते मला न्यायला आले.

मामंजी स्वतः पुण्याला गेले आणि माझ्यासाठी चकचकीत, टाचेच्या सँडल घेऊन आले. काडीच्याच मापाच्या. "सून विलायतेला चालली, कुणी नाव ठेवायला नको." चार माणसांत ओट्यावर मांडून दाखवल्या.

दुपारी उठून पिंपरी कॅम्पात गेले. सिंधी दुकानदार म्हणाला, "बहनजी, शाम को आना. दिनभर में पैर फूलता है. और मोजा पहन के नापना." संध्याकाळी पुन्हा गेले. बायकांच्या मापात माझा पाय मावेना. मी वरच्या फळीवरचे तपकिरी, नाडीचे बूट मागितले. तो म्हणतो, "ये तो जेन्ट्स है." म्हटलं, "माझ्या पायाला ते ठाऊक न्हाई. काढा." घातले आणि दुकानात फिरले. पायाकडं ध्यानच गेलं नाही. आजोबांची आठवण आली आणि तिथंच डोळे भरले.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात, आळी जमलेली. मी उंबऱ्यावर बसून सावकाश नाड्या बांधल्या. तुझे आतोबा कानाशी कुजबुजले, "अगं, गाडीत घाल." मी उठले आणि ओट्यापुढनं निघाले. टाप टाप आवाज.

"सूनबाई! पायात!"

"व्हय मामंजी. पायातच हाय."

त्यांच्या सँडल त्यांच्याच पुढ्यात ठेवल्या आणि गाडीत बसले. आढ्यातली काडी माझ्या पिशवीत होती. चोरली म्हण हवं तर. आता आणा कुणाला काय आणायचं ते!

इथं जर्मनीत चार हिवाळे काढले. बर्फातनं कामाला जायचे, पाय कोरडे, अंगठा मोकळा. भाषा येत नव्हती, पण पाय सांगायचे, चल. पहिल्यांदा परत यायचं ठरलं तेव्हा आत्याबाईंसाठी बूट घेतले, काडी लावून, अगदी तंतोतंत. प्रेमानं नव्हे. डोक्यात होतं, त्यांच्या पुढ्यात टाकून म्हणावं, "घ्या, तुमच्याच मापाचं. आमच्या पायांचं काय झालं ते बघा आता."

चुलीपाशी बसून त्यांचा पाय हातात घेतला. बूट अर्ध्यातच अडला. बोटं बघितली तर माझ्याहून मुडपलेली, एकावर एक चढलेली.

"आत्याबाई, काडी तुमचीच ना?"

"माजी कुटली गं? माज्या सासूची. ती चिमणीएवढी व्हती. तुज्या मामंजींना म्या एकदा सांगितलं, टोचतंय. म्हनले, आईला कवा टोचलं न्हाई."

माझा सगळा राग मुक्काम बदलून ओट्यावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना कॅम्पात नेलं. पांढरे, मऊ कापडी बूट, नऊवारीखाली. परत आलो तर मामंजी जागेवरच. आत्याबाई दारात थबकल्या, हात सवयीनं पायाकडं गेला. मी हात धरला. म्हटलं, "चला."

"ही काय थेरं?" मामंजी गरजले.

"पायतान हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्या पायात हाय तसंच." ओट्यापुढनं गेल्या, वळल्या आणि कारण नसताना पुन्हा एकदा गेल्या. मग आत जाऊन त्यांनी माझ्या पिशवीतली ती काडी स्वतः चुलीत सारली. त्यावर चहा झाला. त्या म्हणाल्या, गोड झालाय.

त्यानंतर मामंजी ओट्यावर बसायचे ते वाटेकडं पाठ करून. त्यांची दया आली का, विचारशील. नाही गं. अजून येत नाही.

माझं घर आता इथं. जोडे दाराबाहेर काढते, ते फरशी ओली होऊ नये म्हणून. कुणी बसलंय म्हणून नाही. कुरुळीची आठवण मात्र पायालाच येते, त्या कोळशाच्या रेघेची.

तेव्हा सुमे, त्या सँडल जावईबापूंच्या हातात परत दे. संध्याकाळी, मोजे घालून, स्वतःच्या पायानं दुकानात जा. आणि लवकर ये. माझ्या दाराबाहेर माझ्या बुटांशेजारी जागा रिकामी आहे. तिथं तुझ्या मापाचा जोड बघायचाय मला.