मुतखडा आणि ऑफिसचं बाथरूम

"किडनी स्टोन है," डॉक्टर म्हणाले. किडनी स्टोन म्हणजे आपला मुतखडा. मी मात्र सोनोग्राफीच्या पडद्याऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. कंपनीने नेमलेला डॉक्टर. आता हा मॅनेजरला काय काय कळवणार, हीच धास्ती.

दोन हजारनंतरची ती वर्षं. मी आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन यार्डात, म्हणजे लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात, स्टोअरकीपर होतो. महिनाभर उजव्या कुशीत कळ यायची. आजारी माणसाला मायदेशी परत पाठवतात, असं सगळेच म्हणायचे, म्हणून मी दात आवळून गप्प होतो.

"हायड्रोनेफ्रोसिस भी है," डॉक्टर म्हणाले. म्हणजे लघवी तुंबून किडनी सुजलेली. "पानी कितना पीते हो?"

"प्यास नहीं लगती," मी ठोकून दिलं.

"तुम्हारी कंपनी से जो मजदूर आता है, उसको प्यास नहीं लगती. गोरा साहब एक भी नहीं आया. क्यों?"

मला वाटलं, मॅनेजरला कळवायला माझ्याकडून माहिती काढून घेतोय. शेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली, "अहो, खरं सांगा की."

खरं असं होतं. ऑफिसच्या केबिनमधलं बाथरूम गोऱ्यांचं आणि अरब इंजिनियरांचं. आमचं यार्डाच्या पार टोकाला, पत्र्याचं, रणरणत्या उन्हात. बोर्ड कुठेच नव्हता, पण पहिल्याच दिवशी प्रत्येकाला वाट दाखवली जायची. तिकडे जायला लागू नये म्हणून आम्ही पाणीच प्यायचो नाही. वर ही आपली हुशारी समजायचो.

सांगितलं एकदाचं. "फिर से अटका तो किडनी खलास," डॉक्टर एवढंच म्हणाले.

युरेटेरोस्कोपी झाली. लघवीच्या वाटेने बारीक नळी घालून खडा फोडतात. भूल उतरताना मी बायकोला पहिलं हेच विचारलं, की कंपनीतून कुणी आलं होतं का. कुणीच आलं नव्हतं. त्याचाही मला संशय आला.

कामावर गेलो आणि बाटलीभर पाणी प्यालो. मग सरळ ऑफिसच्या बाथरूममध्ये गेलो. कुणी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप होतं आणि चावी सेक्रेटरीच्या टेबलावर.

मी दर वेळी जाऊन चावी मागायला लागलो. ती मान वर न करता द्यायची. माझं नाव वर कुठे तरी कळवलं जातंय, असं रोज वाटायचं. पण किडनी माझी होती. त्या डॉक्टरांचा मी ऋणी आहे, त्यांनी मॅनेजरला माझ्याबद्दल फोन केला असला तरी. तुम्हालाही कळ येत असेल तर पाणी का पीत नाही, ते आधी खरं सांगा.

एकदा बाहेर आलो तर दोन वेल्डर दाराशी घुटमळत होते. सेक्रेटरी बघत होती. मी चावी टेबलावर ठेवली नाही, त्यांच्या हातात दिली.