वेगळं कालवण

ताटात भात पडला की ती डाव हातात धरून तशीच उभी राहायची आणि पहिला घास पोटात जाईपर्यंत हलायची नाही. मग विचारायची, "बरा लागला मां?"

कसालच्या बाजारात तिची खानावळ होती. माझं घर बांद्याला आणि नोकरी कसालला, त्यामुळे शनिवारपर्यंत दोन्ही वेळा मी तिच्याकडेच जेवायचो. सगळे तिला काकी म्हणत.

एकदा जेवताना मी हसत सांगितलं, "डॉक्टर म्हणता ब्लडप्रेशर वाढला, मीठ कमी कर. नायतर हृदयावर येतला म्हणे. मेलो तरी चलात, पण अळणी जेवूचंय नाय!" सगळे हसले. काकी मात्र हसली नाही. माझ्या पानातला सुका बांगडा बघत उभी राहिली.

पुढे कालवणाची चव हळूहळू बदलली. कोकम जास्त, तिरफळं जास्त. सुका बांगडा तर "आज गावलो नाय" म्हणून दिसेनासाच झाला. दोनेक महिन्यांनी रक्तदाब उतरला, तेव्हा मी कचेरीत माझ्या सकाळच्या फिरण्याची फुशारकी मारली.

एके दुपारी मी साहेबांना जेवायला घेऊन गेलो. साहेबांनी कालवणाचं कौतुक केलं. त्यांच्या आग्रहाने मी त्यांच्या वाटीतलं चाखलं, मग माझ्या वाटीतलं; माझंच अळणी होतं. मी भडकलो. ताट पुढे ढकलून म्हणालो, "काकी, ह्या आजाऱ्याचा जेवण माका कित्याक वाढतंस?"

सगळे वळून बघू लागले. काकीचा चेहरा उतरला. "चुकला माझा," एवढंच म्हणून तिने वाटी उचलली. दुसऱ्या दिवसापासून मी समोरच्या हॉटेलात जाऊ लागलो. ती दारात दिसली की मान वळवायचो.

पावसाळ्यानंतर ब्लडप्रेशर पुन्हा वाढलं, तेव्हा डॉक्टरांनी जुने कागद चाळले. "मध्ये छान उतरलं होतं. तेव्हा काय करत होतात? तेच करा."

फिरणं तर चालूच होतं. बदललं होतं ते जेवण.

मी तडक खानावळीकडे गेलो. दाराला कुलूप. गुडघे धरले म्हणून काकी लेकीकडे नांदगावला गेली होती. शेजारची नारळवाली म्हणाली, "तुमचा कालवण ती येगळा करी. माका म्हणाली, 'त्यांका सांगू नको. चार माणसांत आजारी म्हटलेला बाप्या माणसांका आवडणा नाय.'"

आणि तोच शब्द चार माणसांत मी तिच्या तोंडावर फेकला होता. उत्तर तिच्यापाशी होतं. साहेबांसमोर माझी लाज राहावी म्हणून ती गप्प बसली.

नारळवालीकडून नंबर घेतला, पण फोन करायला मला आठ दिवस लागले. शेवटी हॉटेलात जेवता जेवताच लावला. नाव सांगितलं. मी "काकी, त्या दिवशी..." एवढं म्हणेपर्यंत तिनेच विचारलं, "आता खंय जेवतास? मीठ कमी घालतत मां थंय?"

माझ्या ताटात खारा बांगडा होता.

"होय," मी म्हणालो.

"बरा झाला," ती म्हणाली. तिच्या आवाजात खरंच आनंद होता. माफीचा शब्द काही माझ्या तोंडून निघाला नाही.