बिस्किटच्या पाठीला न बसलेलं खोगीर

घोड्यावर बसायला जायचं हे माझ्या नातीने नाही, मी ठरवलं. ईशा एकोणीस वर्षांची. सात वर्षं घोडेस्वारी शिकली, आणि दोन वर्षांपूर्वी तिचा बाबा, म्हणजे माझा नितीन, गेला तेव्हापासून तिने पागेचं तोंड पाहिलं नाही. दर शनिवारी तोच न्यायचा ना तिला. ती ज्याच्यावर बसायची तो ऑलिव्हर घोडा पागावाल्यांनी दुसऱ्या मुलीला दिला. नितीनने हौसेने घेतलेलं इंग्लिश खोगीर मात्र अमेरिकेत, कोलंबस शहराजवळच्या डब्लिनच्या घरी, गॅरेजमध्ये, चादरीखाली.

माझे वडील माथेरानला घोडेवाले. शाळा माझी चौथीपर्यंत झाली, पण घोड्यातलं मला कळतं. यंदा नेरळहून आले आणि ईशाला म्हटलं, "मला एकदा अमेरिकेतल्या घोड्यावर बसव."

"आजी, यू आर सिक्स्टी-नाइन."

"घोड्याला कुठे कळतंय?"

आजीला नाही कोण म्हणणार. निघायच्या आदल्या दिवशी मी सुनेला, मनीषाला, सांगून ते खोगीर गुपचूप डिकीत ठेवायला लावलं. ती म्हणाली, "आई, आधी तिला विचारा." मी नाही विचारलं.

डब्लिनहून आग्नेयेला दीड तासावर हॉकिंग हिल्स म्हणून डोंगराळ भाग आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, रस्ता मोकळा मिळतो. शेवटचे काही मैल अरुंद आणि नुसती वळणं, फोनची रेंजही जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. खायचं घरून न्या. मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही नेलं होतं. वाटेत एका दुकानात चहा मागितला तर तिथल्या पोरीने बर्फ घालून दिला. प्यायले. पैसे दिले होते ना.

घोड्यावर बसायचे तासाला माणशी सत्तर डॉलर पडले, वर टिप वेगळी. पडलात तर जबाबदारी तुमची, अशी सही घेतात. टाच असलेले बंद बूट लागतात. वजनही विचारतात, लाजून कमी सांगू नका, घोड्याचा प्रश्न असतो. तिथल्या पागेची मालकीण कॅरल माझ्याच वयाची, गुडघा माझ्यासारखाच धरून चालणारी. तिचं बोलणं ईशा मला सांगत होती, पण अर्धं मला हातवाऱ्यांवरूनच कळत होतं.

आता एक गंमत सांगते. मी जन्मभर घोड्यांत वाढले, पण खोगिरावर कधी बसले नव्हते. वडील म्हणायचे, खोगीर गिऱ्हाइकाचं. संध्याकाळी ते उतरवलं की आम्ही पोरं उघड्या पाठीवर बसून घोडे पाण्यावर न्यायचो. त्यामुळे एकोणसत्तराव्या वर्षी, चौरंगाएवढ्या लाकडी पायरीवर चढून, दोन माणसांनी ढकलून, मी पहिल्यांदा खोगिरावर बसले. वेस्टर्न खोगीर म्हणजे आरामखुर्ची हो. पुढे धरायला मूठ, मागे टेकायला उंचवटा, पाय अडकवायची रिकीब लांब, पाय सरळ सोडलेले. माझी घोडी म्हातारी होती, माझ्याचसारखी. दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतलं.

ईशाला दिला त्या घोड्याचं नाव बिस्किट. अंगाने चांगला रुंद. तिने सवयीने लगाम दोन्ही हातांत घट्ट धरला, इंग्लिश पद्धतीत धरतात तसा. बिस्किट मागे मागे जायला लागला.

कॅरल म्हणाली, "एका हातात धर, सैल सोड. लगाम मानेला नुसता टेकला की वळतो तो."

पुढे घोडे दुडक्या चालीला लागले. ईशा तालावर उठबस करायला लागली, तीही जुनी सवय. कॅरल मागून ओरडली, "बसून राहा, हनी. हा तुला उडवून देत नाही."

ईशा हसली. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबली असती.

दुपारी आम्ही मुक्कामाला घेतलेल्या लाकडी खोलीच्या पायरीवर धपाटे खाताना ती म्हणाली, "इथे बाबा नव्हता कधी. त्याने इझी होतं." एवढं आपणहून ती दोन वर्षांत बोलली नव्हती. मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "त्याचं खोगीर आणलंय. डिकीत आहे."

तिचं चावणं थांबलं. "तू मला विचारलंस का, आजी?"

"नाही."

"मग ते कोणासाठी आणलंस?"

मी तिच्यापुढे दही सरकवलं. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच ते डिकीतून काढलं आणि उचलून कॅरलकडे नेलं. मला वाटलं, जिंकले. कॅरलने बिस्किटच्या पाठीवर ते नुसतं ठेवलं आणि पुढून खाली हात सरकवला. हात अडकला. बिस्किटने कान मागे पाडले.

"अरुंद आहे," कॅरल म्हणाली. "टोचेल त्याला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांनी पहिलं शिकवलेलं हेच. खोगीर आधी घोड्याच्या पाठीचं, मग माणसाच्या बुडाचं. आणि मी, घोडेवाल्याची मुलगी, त्या खोगिराकडे इतके दिवस बघत होते, पण घोडा एकदाही मनात आला नाही.

कॅरलने स्वतःचं जुनं, चिरा पडलेलं इंग्लिश खोगीर आणलं. ते बसलं. ईशाने पोटाखालचा तंग आवळला, चार पावलं चालवलं, पुन्हा आवळला, कारण घोडे पोट फुगवून ठेवतात. रिकीब आखूड, गुडघे वाकलेले. हात मात्र कालच शिकलेला, सैल, एकच. तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत ती बाहीने डोळे पुसत होती, पण उठबस चुकली नाही.

उतरून म्हणाली, "हे बाबाचं नव्हतं. म्हणून जमलं."

मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मला तिने त्याच्या खोगिरावर बसायला हवं होतं. त्याचं काहीतरी पुन्हा हलताना मला बघायचं होतं. ती हौस माझी, आणि ओझं पोरीच्या पाठीवर.

परतताना कोलंबस जवळ आल्यावर ती बोलली. "ते खोगीर ऑलिव्हरचं आहे. त्याच्याकडे नेऊन देऊ."

"राहू दे की घरी."

"चादरीखाली?"

शनिवारी जुन्या पागेत गेलो. मनीषा गाडीतच बसून राहिली, तिला आत येववेना. ईशाने ते ऑलिव्हरच्या पाठीवर ठेवलं. मी खाली हात घातला. वरपासून खालपर्यंत कुठे अडकला नाही. ते घेताना नितीनने मला व्हिडिओ कॉल केला होता, आई, माप कसं बघू? मी फोनवर उशीखाली हात घालून दाखवलं होतं.

"बरोबर बसलंय," मी म्हटलं.

"आय नो, आजी. बाबाने हात घालून बघितलं होतं. दोनदा."

आता त्यावर दुसऱ्याच कुणाची मुलगी बसते. ईशा पुढच्या आठवड्यात एकटीच कॅरलकडे जाणार आहे, कुठल्या खोगिरावर बसणार ते तिने सांगितलं नाही, या वेळी तिचं तीच ठरवेल. खोगीर दिल्याचं मला अजून गोड लागत नाही. पण ऑलिव्हरला ते टोचत नाही, एवढं माझ्या हाताने बघून आले.