महादेवाच्या बायकोची सही

नांदेडला कॅसेटवाल्याकडं पाळण्याचं गाणं टेपात भरायला गेले तेव्हा मी तोंडाला पावडर चोपडून, लग्नातला शालू नेसून गेले होते. जणू टेपला डोळे असतात! गळ्यात सूर, डोक्यात भुसा, अशी मी तवाची तरणी बया.

गाऊन झाल्यावर कारकून कागद घेऊन आला. "बाई, पूर्ण नाव?" माझं सांगितलं. "नवऱ्याचं?" झालं! पदरात तोंड खुपसून मी खिदळायला लागले. तो सोबतच्या धाकट्या जावेकडं वळला, तर थोरल्या दिराचं नाव तीही कशी घेणार? "लई उशीर होऊन राहिला," कारकून करवादला.

मी म्हटलं, "नवरा म्हंजे देवच की. घाला महादेवाचं."

त्यानं घातलं. कागदात काय लिहिलंय हे न विचारता मी ऐटीत सही ठोकली.

यंदा लातूरला नातीच्या लेकीचं बारसं झालं. तिथं तोच पाळणा म्हटला. नातीनं व्हिडिओ मोबाइलवर टाकला, तर दुसऱ्या दिवशी माझं तोंड हलतंय आणि आवाज गायब. खाली ओळ: हक्क कंपनीचे. त्या कॅसेटवाल्याला कुण्या बड्या कंपनीनं टेपांसकट गिळलं होतं म्हणे. पाळण्याची पहिली दोन कडवी माझ्या आईनं कंधारहून आणलेली, बाकीची मी लेकीला झोका देताना जुळवलेली. कंपनीनं कुणाचं लेकरू निजवलं?

पणतीपुढं मला मुकं केलं, आता सोडायचं न्हाई. नातीला म्हटलं, लाव कंपनीला फोन.

"आजी, कागदावर तुमची सही आहे," पलीकडचा साहेब गोड बोलला.

"धाड कागद."

फोटो आला. चष्मा लावून वाचला आणि इतकी हसले की कवळी निसटली.

"लेकरा, ही बाई मी न्हाई. माझ्या मालकाचं नाव महादेव नव्हतं. तुमचा करार पार्वतीशी झालाय. जा कैलासावर, विचार तिला. तवर माझ्या नरड्यावरचा हात काढ, न्हाईतर देवाच्या बायकोचा पाळणा चोरला म्हणून गावभर सांगते. लातुरात दुकानादुकानात शिवभक्त बसलेत!"

चार दिवसांत आवाज परत आला. मागोमाग साहेबाचा फोन: "आजी, नवा कागद करू. फक्त मिस्टरांचं खरं नाव सांगा."

मालक जाऊन वर्षं लोटली. त्यांचं नाव आता मी चारचौघींत खुशाल घेते. पण साहेबाला म्हटलं,

"इश्श! आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत."