अक्काच्या हातून पडलं नव्हतं

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. दहा वर्षांमागं, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, आत्याच्या गावच्या जत्रेत. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि रहाटपाळण्याच्या पार टोकावर लटकत होती. तिच्या शेजारी मी होते, सात वर्षांची. साक्ष द्यायची तर ती मीच द्यायला हवी होती. दिली नाही.

बोरीला आमचं किराण्याचं दुकान. अप्पा वर्षातून एकदाच चार दिवस दुकानाला कुलूप घालत, ते शिवरात्रीला. बैलगाडीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही आत्याकडं निघायचो. ताडकळस मागं पडलं की अक्का गाडीत उभी राहून पाळणा दिसतो का बघायची. माय म्हणायची, "बस गं, पडशील." पडण्याची भीती आमच्या घरात पोरींनाच शिकवत.

पाळणा लाकडाचा होता. चार खोकी, एकेकात दोघं, आणि फिरवायला दोन गडी. खोकं वर चढताना दांडा असा करकरायचा की दात आंबायचे. धक्का देण्याआधी पाळणेवाला दर खेपेला हाळी द्यायचा, "धराऽ." ती ऐकली की मी अक्काचा दंड धरायची.

तिसऱ्या फेरीला आमचं खोकं वर गेलं आणि तिथंच थांबलं. खाली एक चपराशी हात वर करून उभा होता.

"ठैरो रे. साब के बच्चां आ रैं."

साहेब म्हणजे तहसिलीतले पेशकार, तहसीलदाराचे वरचे कारकून. त्यांची मुलं अजून सरबताच्या दुकानाशी होती. खालचं खोकं त्यांच्यासाठी रिकामं केलं. उरलेली तीन तशीच हवेत. साहेबाची माणसं आली की पाळणा आहे तिथं थांबवायचा, ही तिथली रीतच होती. आधी वरच्यांना उतरवावं असं ना पाळणेवाल्याला वाटलं, ना खाली उभ्या असलेल्या गावाला. उलट खालून आवाज आला, "पोरीहो, वरून परभणी दिसायलीय का?" लोक हसले. अप्पांचा हात डोक्यावरच्या टोपीकडं गेला आणि तिथंच राहिला. साहेबासमोर त्यांना बोलता येत नसे.

वारा होता. खोकं हलत होतं. मी रडायला लागले.

"अक्का, मला उतरायचंय."

"उतरू की. खाली बघू नको."

"मग कुठं बघू?"

तेव्हा तिनं ते केलं. गळ्यातली चांदीची डबी उघडली, इष्टलिंग काढलं आणि सकाळच्या पूजेला ठेवतात तसं डाव्या तळहातावर ठेवलं. आम्हा लिंगायतांत पूजेला बसलं की नजर लिंगावरून हलवायची नाही, असं लहानपणापासून शिकवतात. ती म्हणाली, "हितं बघ. माझ्या हातावर बघ. मनात म्हण." मी बघितलं. काळं, गुळगुळीत, आवळ्याएवढं. खोकं हलत होतं, तिचा हात हलत नव्हता. माझं रडं थांबलं. पुढं मला किती भाषणांनी धीर दिला असेल, पण त्या तळहाताइतका कशानंच नाही.

मुलं आली, बसली. पाळणेवाला सलाम करत होता. चपराशी म्हणाला, "चलाव, चलाव." आणि पाळणेवाल्यानं धक्का दिला.

"धरा" म्हणालाच नाही.

खोकं हिसक्यानं पुढं गेलं. अक्कानं एका हातानं मला आवळलं. दुसरा हात रिकामा होता.

पेशकारांचा धाकटा मुलगा पहिल्याच फेरीत किंचाळला. त्याच्यासाठी पाळणा ताबडतोब थांबला. त्या लेकराचा मला राग नाही. ते माझ्यासारखंच भ्यालं होतं.

लिंग खाली दगडावर पडलं होतं. काळं आवरण फुटून आतला दगड दिसत होता. अप्पांनी ते उपरण्यात घेतलं आणि अक्काला एवढंच विचारलं, "डबीतनं काढलंस कशाला?"

ती माझ्याकडं बघून गप्प राहिली. मीही गप्प राहिले. मार बसेल असं वाटलं मला, दुसरं काही नाही.

लिंग अंगावर नसताना आमच्यात अन्नपाणी घेत नाहीत. जत्रेत जंगम, म्हणजे लिंग बांधणारे आमचे पुरोहित, पुष्कळ होते, पण नवं लिंग घरच्या स्वामींच्याच हातून धारण करायचं, हा अप्पांचा हट्ट. म्हणून जत्रा अर्धी सोडून गाडी माघारी वळली. दुसऱ्या दिवशी दुपारी बोरीला स्वामींनी तिच्या गळ्यात नवं लिंग बांधलं, तोवर तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही. वाटेत मायनं मला चटणीशी धपाटा खायला दिला. तो मी अक्कासमोर खाल्ला. तिनं तोंड फिरवलं, मला खाता यावं म्हणून.

तेव्हापासून ती "लिंग पाडलेली पोर". अप्पांनी तिला पुन्हा जत्रेला नेलं नाही. ही गोष्ट तिच्या आधी सासरी पोचली. आता तिला चार वर्षांची मुलगी आहे. परवा त्या मुलीनं पाळण्याचा हट्ट धरला, तर सासू म्हणाली, "आईनं काय केलतं ते इचार आधी." अक्कानं चुलीत लाकूड सारलं.

मी आता सरकारी जुलमाची पत्रकं लिहिते. पेशकारांवर, चपराशांवर लिहिणं मला अवघड जात नाही. हे लिहायला दहा वर्षं लागली, कारण यात माझंही तोंड बंद आहे. म्हणून स्पष्ट लिहिते: तिनं लिंग माझ्यासाठी काढलं. ते पाडलं बिनहाळीच्या धक्क्यानं. ठपका तिच्यावर राहिला माझ्या गप्प बसण्यानं.

मी येत्या सोमवारी तिच्या सासरी जाऊन सासूसमोर हे बोलणार आहे. आता तुमचं, जत्रेच्या गावकऱ्यांनो. त्या दुपारी तुम्ही पाळण्याखाली होता, माना वर करून हसत होता, आमच्या अप्पांना तुम्ही ओळखता. तिचं घरही तुम्हाला ठाऊक आहे. या, आणि हाळी दिली नव्हती एवढं तिच्या सासूला सांगा. चिठ्ठी नको. तोंडानं सांगा, तिची मुलगी ऐकत असताना.