मिठाईच्या खोक्यांवर शिकलेला प्रोग्रॅम

कॉम्प्युटर मी कुठल्या क्लासात जाऊन शिकले नाही. नव्वद सालानंतरची गोष्ट. तुर्भ्याला आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. आमचा म्हणजे शेठचा, मी तिथे डिस्पॅचच्या टेबलावर. शेठनी हौसेने कॉम्प्युटर आणला आणि तो कापड पांघरून कोपऱ्यात बसून राहिला. मला काही राहवेना. जेवणाच्या सुट्टीत बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेचं पुस्तक उघडून वर्षभर त्याच्याशी झटापट केली. चाळिशी उलटली होती, पण शिकायला लाज कसली?

शेवटी एक प्रोग्रॅम जमला. पुठ्ठ्याच्या एका शीटवर दिवसाच्या ऑर्डरींची खोकी कशी मांडली म्हणजे कातरण कमी निघेल, ते तो शोधायचा आणि नकाशा छापून द्यायचा. आधी हे काम कटिंग मास्तर पेन्सिलीने करायचे. माणूस साताऱ्याकडचा. कमी बोलायचे, पण बोलले की टोचायचे.

आता शोधायचं म्हणजे काय, तर मांडून बघायचं, नाही जमलं की उचलून दुसरीकडे. पण मोठं खोकं आधी घ्यायचं की लहान? एका मांडणीवर किती वेळा धडपडायचं आणि नाद कधी सोडायचा? हे आकडे मी अंदाजाने घालायची आणि घड्याळ लावून बसायची. एक दिवस वाटलं, हे मी कशाला करतेय? घड्याळ तर त्याच्याही पोटात आहे. मग आणखी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याने मोठ्याला तेच काम पुन्हा पुन्हा द्यायचं, दर वेळी आकडे बदलायचे, वेळ मोजायची आणि सगळ्यात झटपट ठरलेले आकडे ठेवून घ्यायचे.

शनिवारी संध्याकाळी लावून घरी गेले. सोमवारी येऊन बघते तर, एका मांडणीवर धडपडायला मी दहा-वीस वेळांवर घुटमळत होते आणि याने एकशे सदतीस वेळा निवडलेल्या. का, ते मला आजही सांगता येणार नाही. पण पाऊण तासाचं काम सहा मिनिटांत. शेठ खूश, माझी रवानगी कॉम्प्युटरवर.

दिवाळी झाली आणि प्रोग्रॅम रेंगाळायला लागला. साडेआठला कटिंगचं मशीन सुरू व्हायचं, नकाशा निघायचा नऊ-सव्वानऊला. मास्तर पेन्सिल घेऊन बसायचे.

"काय ताई, तुमचा कॉम्प्युटर माहेरी गेला काय?"

शेठ चिडले. म्हणाले, "शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर घाला त्याच्यावर कापड, आणि तुम्ही परत डिस्पॅचला."

मला ते टेबल नको होतं. चहाच्या वेळी मास्तरांशेजारी जाऊन बसले. "मास्तर, सकाळी आल्यावर तुम्ही आधी काय करता?"

"च्या पितो."

"त्याच्यानंतर हो."

"ऑर्डरी चाळतो. आज दिवस कसला हाय ते बघतो. औषधाची खोकी असली तर एक तऱ्हा, बुटाची असली तर दुसरी. तुमच्या डब्याला रोज एकच तऱ्हा हाय का?"

मी चहा तसाच ठेवून उठले. ज्या शनिवारी मी ते आकडे शोधायला लावले, तेव्हा दिवाळी तोंडावर होती आणि सगळ्या ऑर्डरी मिठाईच्या खोक्यांच्या! एकशे सदतीस मिठाईला लागू होते. औषधांना, बुटांना कोणी विचारलंच नव्हतं.

मग असं ठरवलं, रोज सकाळी त्या दिवसाच्या चार-पाच ऑर्डरी घ्यायच्या, तेवढ्यावरच आकडे पारखायचे आणि मग पूर्ण काम त्या आकड्यांनी करायचं. धाकधूक एकच, या पारखण्यातच वेळ गेला तर? म्हणून त्याला पाच मिनिटांचं बंधन घातलं.

शनिवारी आठला चालू केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आठ वाजून एकवीस मिनिटांनी प्रिंटर करकरला. मास्तरांनी कागद उजेडात धरला.

"ह्ये बुटाचं खोकं मधी कशाला घातलंय?"

"मला नाही माहीत. त्याने करून बघितलं, त्याला तसं जमलं."

"करून बघितलं म्हणता?" त्यांनी बोटाने कातरण मोजलं, पुन्हा मोजलं आणि शीट मशीनवर चढवली.

सोमवारी डिस्पॅचच्या टेबलावर शेठनी दुसरी बाई बसवली. मास्तर च्या घेऊन थेट माझ्याकडे आले. "आज किती वेळा धडपडायचं म्हणतंय, बघू द्या."

मी म्हटलं चाळीस. ते म्हणाले नव्वदच्या खाली येत नाही. दोघं पडद्याकडे बघत उभे राहिलो. निघाले पंधरा.