नऊ नियम आणि एकोणपन्नास

शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात तुरटीमावशींची तीस वर्षं गेली होती. नदीच्या पाण्यात तुरटी किती घालायची, हे त्या काचेचं भांडं उजेडात धरून सांगत. 'पाणी जरासं गढूळ आणि बऱ्यापैकी गार असेल, तर हात सढळ ठेवा.' असे त्यांचे नऊ नियम, तुरटी आपोआप पडावी म्हणून, तरुण इंजिनियरने जसेच्या तसे संगणकात घातले. जरासं, बऱ्यापैकी, सढळ, सगळं.

"असलं मोघम बोलणं त्याला कळतं?" मावशींना हसू आवरेना. "आमच्या घरात तर कुणाला कळत नाही."

मग इंजिनियरने जुन्या नोंदी चाळून स्वतःचे एकोणपन्नास नियम बनवले. कुणाचे सरस, यावरून जुंपली. शेवटी मावशींच्या भाचीला पंच नेमलं. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची.

"सुरुवातीला मी दोघांना सारखंच मानणार," भाची म्हणाली. "मग रोजचा निकाल बघून माझा विश्वास थोडाथोडा सरकवत जाणार. दोन्ही तोडीस तोड असतील, हीही शक्यता धरणार."

"भाची आहेस की वैरीण?"

"पंच आहे, मावशी."

साठ दिवस रोज दोन भांडी भरली. एकात मावशींच्या नियमांनी तुरटी, दुसऱ्यात इंजिनियरच्या. ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी किती नितळ ते मोजायचं. मावशींना तर पंखच फुटले. जिंकल्या की जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. हरल्या की भांड्याशी अबोला धरत. नदी फुगली त्या आठवड्यात त्या ओळीने पाच दिवस जिंकल्या आणि पंपाच्या ठेक्यावर गाऊ लागल्या.

एकसष्टाव्या दिवशी भाची कागद घेऊन आली.

"शंभरातले अठ्ठ्याऐंशी हिस्से विश्वास असा, की दोन्हींत फरक नसल्यातच जमा. आठ हिस्से मावशी सरस, चार हिस्से साहेब."

इंजिनियर कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे माझे जास्तीचे चाळीस नियम उगाचच?"

"उगाच कसे, साहेब? तुमची करमणूक झाली ना," मावशी म्हणाल्या.

आधी तोच फसकन हसला. मग तिघंही खुर्च्यांना धरून हसत सुटले. फरक नाही, तर सुटसुटीत तेच ठेवायचं, असं त्याने स्वतःच ठरवलं आणि दुपारी नऊ नियम चालू केले. टाकीत तुरटीची पहिली धार पडली, तेव्हा मावशी कठड्याला रेलून एकट्याच इतक्या खिदळत होत्या, की काय झालं म्हणून पहारेकरी धावत आला.